नवा भाग : आधी पातेल्यात, मग इंजिनात



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या कारखान्याच्या आवारात जशी खडखड सुरू होते, तशीच ती गावोगावच्या गॅरेजांतही सुरू होते. ट्रॅक्टर उघडले जातात. पाण्याचे पंप, पट्टे, रबरी नळ्या बदलल्या जातात. कुणाचं हेड खाली येतं, कुणाचा रेडिएटर कारागिराकडे जातो. वाहतूकदार सभासद हा सगळा खर्च कारखान्याच्या उचलीतून, सोसायटीच्या कर्जातून, नाहीतर घरातलं काही मोडून करतो. हंगाम नीट गेला पाहिजे, एवढीच त्यामागची इच्छा.

एवढं करूनही मोळी पडून पंधरा दिवस होत नाहीत तोच रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, वाफा सोडत उभे असलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या. जवळ जाऊन विचारावं तर उत्तर ठरलेलं : "काय कळंना बघा. सगळं नवं टाकलंय, तरी पाणी उकळतंय."

"सगळं नवं टाकलंय" ह्या तीन शब्दांविषयीच आम्हांला आज बोलायचं आहे. नवं असणं आणि चांगलं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन थंड ठेवणारा कोणताही भाग, मग तो खोक्यातून आत्ता काढलेला का असेना, पारखल्याशिवाय इंजिनात बसवू नये. आणि ही पारख एकट्यादुकट्याला जमत नसेल तर ती आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये व्हावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काहींना वाटेल, हा मेकॅनिकचा विषय, तो सभासदांच्या पत्रिकेत कशाला? म्हणून त्यात काय काय अडकलेलं आहे ते आधी पाहू. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असं आपलं शेतकी खातं नेहमी सांगतं. ऊस जितका वाळतो तितकं वजन घटतं आणि साखरही कमी होते. वजन घटलं की शेतकऱ्याचं बिल घटतं. उतारा घटला की सगळ्याच सभासदांच्या दरावर परिणाम होतो. ट्रॅक्टर दोन दिवस गॅरेजला पडला की फडात टोळी बसून राहते. तिची मजुरी टनावर असते. खेप नाही तर दाम नाही. आणि मालकाचा हप्ता मात्र थांबत नाही.

ह्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. रात्री अंधारात रस्त्यावर बंद पडलेली ट्रॉली म्हणजे काय संकट असतं, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला थेट उसाच्या बुडख्यांवर. दुसरा धोका ड्रायव्हरला. पाणी उकळतंय म्हणून घाईनं झाकण उघडतो आणि उकळतं पाणी तोंडावर, हातावर उडतं. इंजिन गरम झाल्यावर त्यात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते, ती वेगळीच. म्हणजे दोनचारशे रुपयांच्या एका भागाच्या मागं इंजिन, ऊस, मजुरी आणि माणूस एवढं सगळं बांधलेलं आहे.

आता इंजिन गरम का होतं, ते थोडक्यात. जळालेल्या डिझेलातली साधारण एक तृतीयांश उष्णता प्रत्यक्ष ओढीच्या कामाला येते. बाकीची बरीचशी धुराड्यातून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. पाणी फिरवायला पंप, पाणी गार करायला रेडिएटर आणि पंखा, पाण्याचा दाब राखायला झाकण, आणि पाणी केव्हा व किती रेडिएटरकडे जाऊ द्यायचं हे ठरवायला थर्मोस्टॅट. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढताना ह्यांतला एक जरी कमी पडला तरी काटा वर चढू लागतो.

थर्मोस्टॅटपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहेत. ही एक लहानशी झडप. तिच्या पोटात मेण भरलेली एक डबी असते. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाण्याला रेडिएटरचा रस्ता मोकळा होतो. पाणी निवलं की मेण आक्रसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. किती अंशाला उघडायचं तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. ७१, ८२, ८८ असे आकडे आढळतात. झडप उघडलीच नाही, किंवा अर्धीच उघडली, तर रेडिएटर कितीही चांगला असो, पाणी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

ह्या भागाची पारख घरच्या चुलीवर होते. एका पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅटची झडप बोटानं किंचित उघडून तिच्यात एक दोरा धरा आणि झडप मिटू द्या. दोरा झडपेतच पकडला जातो. त्या दोऱ्याला थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा. शेजारी थर्मामीटर सोडा. दोन्ही पातेल्याच्या बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, नाहीतर भांड्याची धग लागून खोटा आकडा येतो. मंद आचेवर पाणी तापवा आणि मधूनमधून ढवळत राहा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा वाचा. वर ८२ लिहिलेलं असेल तर ८० ते ८४ च्या दरम्यान तो पडला पाहिजे. त्यानंतर पाणी आणखी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या वर दहा-पंधरा अंशांत झडप पुरती उघडली पाहिजे. किती मिलिमीटर उघडावी ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मग बाहेर काढून निवू द्या आणि पुन्हा नीट मिटते की नाही ते बघा. हे सगळं दोनदा करा; एकदा उघडून दुसऱ्यांदा अडकणाऱ्या झडपाही असतात.

ह्यात एक बारकावा ध्यानात ठेवावा. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, पण आपल्या देशावरच्या भागात, समुद्रसपाटीपासून पाच-साडेपाचशे मीटर उंचीवर, ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे ८८ आकड्याची झडप उघड्या पातेल्यात पुरती उघडलेली दिसली नाही तर लगेच तिला खोटी ठरवू नये. ती ८८ च्या आसपास उघडायला लागते का, हे बघावं. आणि आधी थर्मामीटरच खरं आहे का, तेही बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहावं. तिथं त्यानं शून्य दाखवायला हवं.

हे एवढं करायला अर्धा तास लागतो. त्याऐवजी आपल्याकडे काय होतं? गाडी गरम झाली की मेकॅनिक सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, ते आपल्या उन्हात चालत नाही." आम्हांला हे मुळीच मान्य नाही. एक तर त्यामुळे इंजिन थंड राहून चालतं, डिझेल नीट जळत नाही, तेल खराब होतं आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. दुसरं असं की, पुष्कळ इंजिनांत पाणी थंड असताना ते रेडिएटरला वळसा घालून परत पंपाकडे जाण्याची एक आडवाट असते. पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडता उघडता ही आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्यातला बराचसा भाग गार न होताच पुन्हा इंजिनात फिरतो. म्हणजे ज्या रोगावर उपाय केला तोच रोग वाढतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर चांगला पारखून घालावा. तो काढून टाकणं हा इलाज नव्हे. बसवतानाही मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आहे ना, एवढं पाहावं. उलटा बसलेला चांगला थर्मोस्टॅट आणि बिघडलेला थर्मोस्टॅट ह्यांत काडीचा फरक उरत नाही.

आता रेडिएटरचं झाकण. पुष्कळांना ते नुसतं बूच वाटतं. पण त्याच्यावर दाबाचा आकडा लिहिलेला असतो आणि त्याला अर्थ आहे. सात पौंड दाबाचं झाकण नीट धरत असेल तर समुद्रकाठच्या हिशेबानं पाणी १०० ऐवजी ११० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे चढावर आपल्याला दहा अंशांची सवड मिळते. झाकण दाब धरत नसेल तर ती सवड गेली. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं चांगलं असूनही पाणी उकळून बाहेर येतं. दिसायला सारखी पण गळ्याची खोली वेगळी अशी झाकणं बाजारात असतात. वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं, आतली रबरी चकती मात्र टेकतच नाही. जुनं आणि नवं शेजारी ठेवून आधी उंची जुळवावी. मधली लहान झडप नखानं ओढून सोडावी. ती परत जागेवर बसली पाहिजे. आणि दाब खरोखर धरतं का, हे हातपंपाच्या गेजवर लावून पाहावं. हा हातपंप प्रत्येकाच्या घरी नसणार, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

पाण्याचा नवा पंप घेतला तर तो जुन्याच्या शेजारी ठेवावा. पंख्याच्या पात्यांची संख्या, उंची आणि वळण्याची दिशा जुळते का पाहावी. पुली एका हातानं घट्ट धरून आतला पंखा दुसऱ्या हातानं फिरवून बघावा. तो शाफ्टवर घसरता कामा नये. घसरला तर बाहेर पुली गरगर फिरते आणि आत पाणी जागच्या जागी राहतं. शाफ्ट हलवून पाहावा, खेळ नको. बेअरिंग फिरवताना खरखर नको. खालचं बारीक गळतीचं भोक रंगानं बुजलेलं असेल तर मोकळं करावं.

रबरी नळ्यांमध्ये खालची नळी जास्त महत्त्वाची, कारण तिच्यातून पंप पाणी ओढतो. मऊ, पातळ नळी इंजिन जोरात असताना आत चपटी होते आणि पाण्याचा गळा दाबते. गाडी उभी असताना पाहिली तर ती पुन्हा फुगलेली, म्हणून दोष सापडत नाही. मूळच्या नळीत आत तारेची स्प्रिंग असेल तर नवीतही असलीच पाहिजे. घेताना हातानं दाबून बघावी. सहज चपटी होणारी नळी दुकानातच परत ठेवावी.

रेडिएटर कारागिराकडून दुरुस्त होऊन आला की त्याची दोन प्रकारे पारख करावी. तोंडं बंद करून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवावा. बुडबुडे निघाले तर परत पाठवावा. मग वरच्या तोंडातून एक बादली पाणी भसकन ओतावं. खालच्या तोंडातून ते तितक्याच जोरानं बाहेर आलं पाहिजे. संथ धार लागली तर आतल्या नळ्या बुजलेल्या आहेत, डाग दिलेला कितीही सुबक असो.

तापमान दाखवणारा काटा आणि त्याचा सेन्सर ह्यांची पारख तर कुणीच करत नाही. वास्तविक ड्रायव्हरला आधी सावध करणारा तोच. नवा सेन्सर त्याच पातेल्यात थर्मामीटरशेजारी धरावा, वायर जोडावी, बॉडीला अर्थ द्यावा, आणि पाणी तापेल तसा काटा वर येतो का ते पाहावं. काटा खोटं बोलत असेल तर इंजिन जळेपर्यंत ड्रायव्हर बिचारा बेफिकीर राहणार, आणि पुढे सगळा दोष त्याच्याच माथी येणार.

हेड गॅसकिटचंही तेच. इंजिन एकदा उकळलं की हेड वाकण्याचा संभव असतो. वाकलेल्या हेडखाली नवं गॅसकिट घातलं तर ते पुन्हा जाणारच. म्हणून सरळ पट्टी हेडवर लावून, खाली फीलर गेजची पात सरकते का हे आडवं, उभं आणि तिरकं पाहावं. नवं गॅसकिट ब्लॉकवर ठेवून पाण्याची सगळी भोकं जुळतात का, हेही आधीच बघावं. एक भोक बुजलं तरी त्या बाजूचा सिलिंडर गरम होतो.

ह्या सगळ्यावर जे आक्षेप घेतले जातात ते आम्ही ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप : "सीलबंद माल आहे, पावती आहे, मग तपासायचं काय त्यात?" आमचं उत्तर असं की, आपण सोयाबीनची पिशवीही सीलबंदच घेतो. तरी शहाणा शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो, कारण पेरल्यावर उगवलं नाही तर कंपनी पिशवी बदलून देईल, पाऊस परत देणार नाही. माठ घेताना घरची बाई बोटानं वाजवून बघते. त्यात कुंभाराचा अपमान नसतो. सुट्या भागांच्या बाजारात तर हुबेहूब खोक्यातला नकली मालही येतो, आणि असली कारखान्यातूनही लाखात एखादा नग सदोष निघू शकतो. तो नग नेमका आपल्या वाट्याला आला तर बाकीचे चांगले होते, ह्याचा आपल्याला काय उपयोग?

दुसरा आक्षेप : "खराब निघाला तर दुकानदार बदलून देतोच की." देतो, पण झडप बदलून देतो, हेड, पिस्टन आणि बुडालेल्या खेपा देत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची वाट ठेवली आहे, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वाहन चालवणाराही त्यात ग्राहक ठरू शकतो. पण भाग मुळातच सदोष होता, हे दाखवायचं कसं? इंजिन जळाल्यावर काढलेला थर्मोस्टॅट पुढे केला तर विकणारा म्हणेल, तुमच्या इंजिनाच्या उष्णतेनं आमची झडप बिघडली. आणि तसं घडूही शकतं. म्हणून बसवण्याआधीच पारख झालेली असेल, तिची नोंद असेल, तर वाद उभाच राहत नाही. खराब नग खोक्यासकट त्याच दिवशी परत जातो.

तिसरा आक्षेप मेकॅनिक मंडळींचा : "आमच्यावर इस्वास न्हाई का?" मिस्त्री, विश्वास तुमच्या हातावर पुरेपूर आहे. पण भाग तुम्ही घडवलेला नाही. तो सदोष निघाला तर नाव तुमचं खराब होतं आणि दुसऱ्यांदा इंजिन खोलण्याची मजुरी मागताना तुम्हांलाच ओशाळं व्हावं लागतं. पारखेनं तुमचंही रक्षणच होतं.

चौथा आक्षेप वेळेचा : "हंगाम तोंडावर आलाय, कुठं पातेली तापवत बसता?" हा आक्षेप खरा आहे, पण तो पारखेविरुद्ध नाही; उशिरा सुरू केलेल्या दुरुस्तीविरुद्ध आहे. दसऱ्यानंतर सगळेच ट्रॅक्टर एकदम गॅरेजला गेले तर मेकॅनिक तरी काय करणार?

आता आपल्या कारखान्याकडे या. इथं बॉयलर दरवर्षी तपासल्याशिवाय पेटत नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली. त्यानंतर १८६४ साली बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला आणि १९२३ साली देशभरासाठी बॉयलरचा एक कायदा झाला. तेव्हापासूनची ही शिस्त आहे. आणि ध्यानात घ्या, नवा बॉयलर आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. उलट नव्या बॉयलरमध्ये पाणी भरून, चालवायच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तो टिकतो की नाही ते पाहिल्याशिवाय त्याला वाफ धरूच देत नाहीत. आपल्या वजनकाट्यावर सरकारी शिक्का लागतो. प्रयोगशाळेत रसाची तपासणी रोज होते. गव्हाणीच्या आतल्या प्रत्येक गोष्टीची पारख होते. पण त्या गव्हाणीपर्यंत ऊस आणणारा ट्रॅक्टर मात्र नशिबावर चालतो! गेटच्या आत एक न्याय आणि गेटच्या बाहेर दुसरा, हे सहकाराला शोभत नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या काही सूचना आहेत. कारखान्याच्या वाहन विभागात सप्टेंबरपासून मोळी पडेपर्यंत एक पारख-टेबल मांडावं. त्याला लागतं काय? एक शेगडी आणि पातेलं, दोन चांगले थर्मामीटर, झाकण व रेडिएटर तपासण्याचा गेजसह हातपंप, बुडवण्यासाठी एक टाकी, एक सरळ पट्टी, फीलर गेज आणि एक जाणता फिटर. ह्यांतलं बरंचसं वर्कशॉपमध्ये आजही पडून आहे. एकट्या सभासदाला हातपंप घेणं परवडत नाही. सगळ्यांनी मिळून एक घेतला तर तो शेकडो ट्रॅक्टरांना पुरतो. सहकाराचा अर्थ ह्याहून निराळा तो काय?

वाहतुकीचा करार झालेल्या प्रत्येक वाहनाला ही सेवा विनामूल्य असावी. एक नोंदवही ठेवावी. भाग कोणता, कुठून घेतला, पावती क्रमांक, किती अंशाला उघडला, किती दाब धरला, पास की नापास. त्या वहीतून दोन हंगामांत आपल्यालाच कळेल की कोणत्या प्रकारचा माल वारंवार नापास होतो. मग कारखान्याच्या भांडारानं तो ठेवू नये, आणि दुकानदारालाही वही दाखवून सांगता येईल. मात्र वही सभासदांना पाहायला खुली असावी. कुणाच्या मर्जीतल्या दुकानाची नावं त्यातून वगळली जाऊ नयेत.

ह्या टेबलाचा उपयोग शिक्षेसाठी होऊ नये, हेही आम्ही आवर्जून सांगतो. एखाद्याचा भाग नापास झाला म्हणून त्याचा करार अडवू नये, की त्याचा नंबर मागं टाकू नये. तसं झालं तर कुणी भाग घेऊन येणारच नाही. भाग नापास झाला तर तो बदलून आणायला सांगावं, एवढंच.

ड्रायव्हर मंडळींनाही ह्यात सामील करून घ्यावं. हंगामाआधी एक दिवस त्यांना बोलावून काटा कसा वाचायचा, तो लाल पट्ट्याकडे सरकू लागला की लगेच बाजूला कसं थांबायचं, झाकण निवल्याशिवाय का उघडायचं नाही, रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट रोज कसं झाडायचं, हे सांगावं. बंद पडलेल्या ट्रॉलीमागं लावायला रिफ्लेक्टर प्रत्येकाजवळ असावा. आणि काटा चढला म्हणून वेळीच थांबलेल्या ड्रायव्हरवर मालकानं चिडू नये. खेप उशिरा आली तरी चालेल, पण इंजिन शाबूत राहिलं पाहिजे.

कुणी म्हणेल, कारखान्यापुढे देणी, दर, वीज, इथेनॉल असे मोठमोठे प्रश्न असताना तुम्ही पातेल्यातला थर्मोस्टॅट काय घेऊन बसलात? ते प्रश्न मोठे आहेतच. पण त्यांतले बरेच आपल्या हातात नाहीत; दिल्ली-मुंबईत ठरतात. हा प्रश्न पूर्णपणे आपल्या हातातला आहे. त्याला ना कुणाची परवानगी लागते, ना मोठं भांडवल. आणि तो सुटला तर त्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात गव्हाणीवर दिसेल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहतूकदार सभासदांनी हा विषय मांडावा आणि ऊस उत्पादक सभासदांनी त्याला पाठिंबा द्यावा, कारण ट्रॉलीतला ऊस शेवटी त्यांचाच असतो. टेबल मांडलं जाईपर्यंत थांबायचंही कारण नाही. ह्या पंधरवड्यात ज्यांनी नवा थर्मोस्टॅट आणला असेल त्यांनी तो आज रात्रीच चुलीवर तपासावा. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यालाही बोलवावं. एका पातेल्यात दोन सहज मावतात. एकच करावं, त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करू नये, नाहीतर हंगामाआधीच घरात वेगळं काहीतरी तापायचं.